पुस्तक कोणी काढावे?

पुस्तक लिहून हातावेगळे झाले की लेखकाचे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या वेळी एक काम संपलेले असते आणि दुसरे, कदाचित अधिक बिकट असे काम पुढे उभे ठाकलेले असते. हस्तलिखिताचे पुस्तक व्हावयाचे असते आणि ते पुस्तक वाचकाच्या हाती पडावयाचे असते. हे काम एखाद्या प्रकाशकाकडे सोपवावे, की पदरचे पैसे घालून स्वतःच पार पाडावे, हा प्रश्न मराठी मुलखात छापखाने आले तेव्हापासूनचा आहे. पुणे-मुंबईपासून दूर, बेळगावात, पणजीत, इंदुरात, वडोदऱ्यास किंवा हैदराबादेत राहून मराठीत लिहिणाऱ्याला तो अधिकच जाणवतो. प्रकाशक दूर, मराठी पुस्तकांची दुकाने मोजकी, आणि नोकरीच्या अखेरीस मिळालेल्या रकमेतून काढलेल्या पुस्तकाचे गठ्ठे कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडल्याची हकीकत बहुधा ऐकिवात असते. म्हणून या प्रश्नाचा विचार हौशीच्या किंवा मानापमानाच्या अंगाने न करता, व्यवहाराच्या आणि वाङ्मयाच्या अंगाने करणे हिताचे आहे.

प्रथम मानापमानाची गोष्ट बाजूला सारली पाहिजे. लेखकाने स्वतः काढलेले पुस्तक म्हणजे प्रकाशकांनी नाकारलेले आणि म्हणून कमी प्रतीचे पुस्तक, असा एक समज रूढ आहे. मराठी ग्रंथांचा इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अडाणी कुणब्याला आणि त्याच्या बायकोला धर्माच्या नावाखाली कसे नाडले जाते, हा त्याचा विषय. त्या काळी मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी होती. तिच्याकडे त्यांनी हे नाटक पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ही हकीकत जोतीरावांनी पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद केली आहे. नाटक बाजूला पडले, आणि काही वर्षांनी, १८६९ मध्ये, ‘ब्राह्मणांचे कसब’ हा पवाडा त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापून काढला. जे कमिटीच्या भरवशावर राहिले ते नाटक १९७९ पर्यंत, म्हणजे एकशे चोवीस वर्षे, छापले गेले नाही. जे लेखकाने आपल्या हिमतीवर छापले ते त्याच्या हयातीत लोकांपर्यंत गेले. नकाराची बाजू आणि गुणवत्तेची बाजू या दोन्ही नेहमी एकच असतात असे नाही, हे यावरून उघड होते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ मध्ये आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले आणि भाषणाचा मसुदा पाहिल्यावर त्यातील काही मजकुराला हरकत घेतली. बाबासाहेबांनी मजकूर बदलण्यास नकार दिला. परिषद भरली नाही. भाषण झालेच नाही. परंतु ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने बाबासाहेबांनी ते आपल्या खर्चाने प्रसिद्ध केले, आणि दीड हजार प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. मजकुराला कात्री लावून व्यासपीठ मिळवायचे, की मजकूर अखंड ठेवून स्वतः वाचकाकडे जायचे, असा तो प्रसंग होता. अशा प्रसंगी स्वतः प्रकाशन करणे हा दुय्यम मार्ग नसून एकमेव प्रामाणिक मार्ग असतो.

मात्र या उदाहरणांवरून ‘लेखकाने सदैव आपले पुस्तक आपणच काढावे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या दोघांपाशी असे काय होते की ज्यामुळे त्यांचे श्रम फुकट गेले नाहीत? त्यांना आपला वाचक ठाऊक होता. तो कोण आहे, कोठे आहे आणि त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने जाता येते, हे त्यांनी पुस्तक छापण्यापूर्वीच सार्वजनिक कार्यात जाणून घेतले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’चीही गोष्ट तशीच. जानेवारी १८७४ मध्ये सुरू झालेल्या या मासिक पुस्तकाचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सारे लेखन एकट्या शास्त्रीबोवांचे होते. त्यांनी आपल्या निबंधांचा एकदम मोठा ग्रंथ छापून तो खपण्याची वाट पाहिली नाही. थोडा थोडा मजकूर दरमहा वर्गणीदारांच्या हाती दिला. त्यामुळे पुढील अंकाला किती कागद लागेल याचा अदमास मागील अंकावरून बांधता आला. हरिभाऊ आपटे यांनीही १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करून त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः वाचकांपुढे ठेवल्या. पुस्तक होण्याआधी त्या कादंबऱ्यांना वाचक मिळालेला होता.

वाचक ठाऊक असूनही काम एका माणसाच्या ऐपतीबाहेर जाऊ शकते, ही दुसरी बाजू आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२९ पर्यंत पुरे केले. त्यासाठी त्यांनी कंपनी काढली, भागधारक जमविले, वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव हिंडले. संपादक, व्यवस्थापक आणि विक्रेता ही तिन्ही कामे एकाच माणसाने अंगावर घेतली. ज्ञानकोश पुरा झाला, ही मराठी विद्येच्या इतिहासातील थोर गोष्ट आहे. परंतु १९३७ मध्ये केतकर वारले तेव्हा त्यांच्या संसाराची स्थिती ओढग्रस्तीचीच होती. खुद्द बाबासाहेबांनाही आयुष्याच्या अखेरीस हाच अनुभव आला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या छपाईचा सुमारे २०,००० रुपयांचा खर्च आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, तेव्हा सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, असे पत्र त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधानांना लिहिले. ती विनंती मान्य झाली नाही. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या लेखकालाही छपाईच्या पैशाची विवंचना चुकली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा प्रकाशक करतो तरी काय, हे नीट पाहिले पाहिजे. त्याची कामे चार आहेत. तो हस्तलिखिताची पारख करतो. त्याचे पुस्तक घडवितो. त्यात आपले भांडवल गुंतवितो. आणि ते पुस्तक दुकानांत, ग्रंथालयांत व वाचकांच्या घरी पोहोचवितो. यांपैकी भांडवल सर्वांना दिसते. पारख आणि पोहोचविणे ही कामे मात्र सहसा दिसत नाहीत, आणि लेखक स्वतः प्रकाशक झाला की तीच त्याच्याकडून राहून जातात.

पारख म्हणजे केवळ ‘घेतो’ किंवा ‘नाही’ एवढे सांगणे नव्हे. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत हस्तलिखिताचे वाक्य न् वाक्य वाचून लेखकाशी त्याविषयी चर्चा करीत, आणि त्या चर्चेतून पुस्तकाला नेमका आकार येई. आपल्या लेखनातील पाल्हाळ आपल्याला दिसत नाही. ते दाखविणारा दुसरा डोळा लागतो. तसेच, चांगला प्रकाशक एका पुस्तकाच्या बळावर दुसऱ्या पुस्तकाचे धाडस करू शकतो. ज्या देशमुख आणि कंपनीने १९५९ मध्ये खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध केली, त्याच कंपनीने १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे या पंचविशीतील लेखकाची ‘कोसला’ ही पहिलीच कादंबरी काढली. रूढ वळणाची नसलेली ही कादंबरी त्या तरुणाने पदरच्या पैशाने छापली असती, तर ती गावोगावच्या दुकानांत आणि ग्रंथालयांत तशीच पोहोचली असती की नाही, याची शंकाच आहे.

या सोयीची किंमतही आहे. पारख करणारा हात कधी लेखकाच्या मजकुराला वेगळेच वळण देतो. १८५७ च्या धामधुमीत ग्वाल्हेर, झांशी या बाजूला गेलेले विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला आणि तो चिंतामणराव वैद्य यांच्या स्वाधीन केला. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर गोडसे भटजी हयात नव्हते, आणि छापलेल्या मजकुरात फेरफारही झालेले होते. मूळ बखरीबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केली, ती १९६६ मध्ये वाचकांना मिळाली. वैद्य नसते तर ही बखर कदाचित लिहिलीही गेली नसती, कारण तिच्यामागे आग्रह त्यांचाच होता. पण लेखकाचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत येण्यास त्यानंतर आणखी साठ वर्षे लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि लेखकाने दोन्ही तोलून पाहिल्या पाहिजेत.

आता थोडा हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर ज्याचे त्याने छापखान्यात जाऊन विचारावेत. समजा, एका पुस्तकाच्या ५०० प्रती छापण्यास मुखपृष्ठ, बांधणी आणि मुद्रितशोधन धरून ४०,००० रुपये लागले आणि किंमत २०० रुपये ठेवली. दुकानदाराचे कमिशन शेकडा ४० धरले, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १२० रुपये येतात. म्हणजे घातलेले पैसे निघण्यासाठीच ३३४ प्रती खपल्या पाहिजेत. सर्व प्रती खपल्या तर २०,००० रुपये उरतील; २०० च प्रती खपल्या तर १६,००० रुपयांची खोट येईल. हेच पुस्तक प्रकाशकाने काढले आणि शेकडा १० प्रमाणे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, दिले, तर २०० प्रतींच्या विक्रीवर लेखकाला ४,००० रुपये मिळतील आणि ५०० वर १०,०००. मिळकत लहान, पण खोट नाही. उलट, लेखकाने दुकानदाराची मदत न घेता स्वतःच पूर्ण किमतीला प्रती विकल्या, तर २०० प्रतींतच त्याचे पैसे निघतात आणि २०१ व्या प्रतीपासून नफा सुरू होतो. आप्तेष्टांना भेट म्हणून दिलेल्या प्रती या हिशेबात धरलेल्या नाहीत, आणि मराठी लेखक त्या सढळ हाताने देतो, हेही विसरता कामा नये.

या हिशेबातून एक सोपी कसोटी हाती लागते. पुस्तक स्वतः काढू इच्छिणाऱ्याने एक कागद घ्यावा आणि आपले पुस्तक किंमत मोजून घेतील अशा २०० माणसांची किंवा संस्थांची नावे त्यावर लिहावीत. एखाद्या गावाचा इतिहास, एखाद्या घराण्याची कागदपत्रे, एखाद्या शाळेची शंभर वर्षांची हकीकत, एखाद्या व्यवसायाची माहिती, अशा पुस्तकांच्या बाबतीत ही यादी एका बैठकीत होते. इंदूरच्या मराठी वस्तीचा इतिहास कोणी घेईल, हे इंदुरातला लेखक पुण्याच्या प्रकाशकापेक्षा अधिक जाणतो. अशा लेखकाने निःशंकपणे आपले पुस्तक आपण काढावे. परंतु कादंबरी, कथा, ललित निबंध यांचा वाचक अनोळखी असतो. तो सोलापुरात असेल, नागपुरात असेल, बोस्टनमध्येही असेल. त्याच्या नावाची यादी करता येत नाही. त्याच्याकडे जाणारी वाट ज्याला ठाऊक आहे अशा माणसाची गरज लागते. यादी पन्नास नावांवर अडली, तर पुस्तक वाईट आहे असा त्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की या पुस्तकाला प्रकाशक हवा, आणि तो मिळेपर्यंत धीर धरावयास हवा.

येथेच एका धोक्याचा इशारा देणे अगत्याचे आहे. स्वतःचे प्रकाशन आणि प्रकाशकाचे प्रकाशन यांच्यामध्ये एक तिसरा प्रकार बोकाळला आहे. खर्च सारा लेखकाचा, नाव मात्र प्रकाशन संस्थेचे. छपाईची सेवा म्हणून उघडपणे, वाजवी दराने हे काम कोणी करीत असेल, तर त्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा लेखकाला वाटते की आपल्याला प्रकाशक मिळाला, आणि प्रत्यक्षात त्याला गिऱ्हाईक म्हणून मोजलेले असते. भांडवल ज्याने घातले नाही त्याला प्रती खपविण्याची निकडही नसते. अशा वेळी चार प्रश्न विचारावेत. छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या? त्या कोणत्या दुकानांत ठेवल्या जाणार? विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार? आणि स्वामित्वहक्क कोणाकडे राहणार? या चारांची लेखी उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे देण्याची घाई करू नये.

स्वामित्वहक्काविषयी कायदा लेखकाला बराच अनुकूल आहे. मात्र तो माहीत असला पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्र लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी करारानेच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात त्याचा उपयोग केला नाही, तर करारात वेगळे काही लिहिले नसल्यास तो हक्क संपुष्टात येतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन रात्री विचार करावा. अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांचे हक्क वेगळे मोडतात. ते एकगठ्ठा देऊन टाकण्याचे कारण नाही.

जो स्वतः प्रकाशक होतो, त्याच्याकडे प्रकाशकाची कर्तव्येही येतात. १९५४ च्या कायद्यान्वये प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच कायद्याने नेमलेल्या मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. हे ओझे समजू नये. माळ्यावरच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली, तरी या चार ठिकाणी पुस्तक जिवंत राहते. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ज्याला आयएसबीएन म्हणतात, तोही लेखकाला स्वतःच्या नावाने राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळू शकतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याची आवश्यकता नाही. आणि आता मागणी येईल तशा प्रती छापण्याची सोय झाली आहे, विजेरी पुस्तकही काढता येते. ५०० प्रती एकदम छापून ठेवण्याची सक्ती त्यामुळे उरलेली नाही. पहिल्याने ५० प्रती काढून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग ठरेल. पण यंत्राने छपाई सोपी केली, तरी वाचक शोधणे सोपे केलेले नाही, आणि दुसऱ्या डोळ्याची उणीवही यंत्राने भरून काढलेली नाही. म्हणून स्वतः प्रकाशन करणाऱ्याने छपाईत चार पैसे वाचवावेत, पण जाणत्या माणसाकडून हस्तलिखित वाचून घेण्यात आणि मुद्रितशोधनात वाचवू नयेत.

आणखी एक वाट आहे, ती एकट्याची नव्हे आणि परक्याचीही नव्हे. वडोदऱ्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी ग्रंथप्रकाशनासाठी दोन लक्ष रुपये वेगळे काढून ठेवले आणि त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ उभी राहिली. संस्थाने गेली, तरी संस्था राहिल्या आहेत. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने राबविली आहे. राजाश्रय किंवा अनुदान न मिळाले, तरी चार लेखकांना एकत्र येण्यास कोणाची आडकाठी नाही. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून मुंबईत ‘क्लिअरिंग हाऊस’ ही प्रकाशन संस्था काढली. कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितांचे पुस्तक १९७६ मध्ये तिच्यातर्फे निघाले आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. चौघांनी एकमेकांची हस्तलिखिते वाचावीत, एकमेकांचा भार उचलावा, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीचे पन्नास वाचक आणावेत. दोनशेची यादी अशीही पुरी होते. बृहन्महाराष्ट्रातील गावोगावच्या मराठी मंडळांना आणि ग्रंथालयांना हे काम अंगावर घेता येण्यासारखे आहे.

सारांश, पुस्तक कोणी काढावे याचे उत्तर पुस्तकाच्या प्रतिष्ठेत नाही आणि लेखकाच्या पैशातही नाही. वाचकाच्या दारापर्यंतची वाट ज्याला माहीत आहे, त्याने ते काढावे. लेखकाला ती वाट माहीत असेल, तर त्याने कोणाच्या होकाराची वाट पाहत बसू नये. माहीत नसेल, तर ती जाणणाऱ्याचा हात धरण्यात कमीपणा मानू नये. मात्र कोणतीही वाट धरली, तरी छापखान्याची पायरी चढण्याआधी हस्तलिखित एकदा परक्या डोळ्यांनी वाचलेले असावे आणि करार लेखकाने आपल्या डोळ्यांनी वाचलेला असावा.